रिकाम्या लिस्टची हिरवी खूण

"मॅडम, स्क्रीनवर हिरवंच हुतं. ते बघूनच मी इंजेक्शन दिलं," लता सिस्टर पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मी नर्सिंग स्टेशनच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. पलीकडे आयसीयूत शिरोळचे ट्रॅक्टर मेकॅनिक बाळासाहेब व्हेंटिलेटरवर होते. हर्नियाचं साधं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर दिलेल्या पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकची भयंकर रिॲक्शन आली. पेनिसिलिन आपल्याला चालत नाही हे त्यांनी ॲडमिट होतानाच सांगितलं होतं. ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलंही होतं.

आमच्या म्हणजे राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीच्या. मी तिथं सीनियर डेव्हलपर होते. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध सिस्टर सिस्टीममध्ये टाकायच्या आणि सिस्टीम तपासायची: ॲलर्जी आहे का, डोस जास्त होतोय का, आधीच्या औषधाबरोबर चालेल का. खटकलं तर लाल, नाहीतर हिरवी खूण. हे आल्यापासून हॉस्पिटलनं सिस्टरांना सांगून ठेवलं होतं की स्क्रीन बघा, फाइल उलटत बसू नका.

मी चाचणीसाठीच्या खोट्या पेशंटच्या नावावर पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवून तेच औषध टाकलं. हिरवं. मग कुठल्याही माणसाला झेपणार नाही असा डोस टाकला. तरी हिरवं. तपासणी चुकत नव्हती, तपासणी होतच नव्हती.

हे कसं होतं ते सांगते. मोठ्या प्रोग्रॅममध्ये एका भागाला दुसरे भाग लागतात. ते त्यानं स्वतः बनवायचे नसतात, फक्त मागायचे असतात. आणून देणाऱ्या भागाला आम्ही कंटेनर म्हणतो. एक ठरावीक वस्तू मागितली आणि ती नसली, तर कंटेनर बोंब मारतो आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही. पण 'या प्रकारच्या जेवढ्या असतील तेवढ्या सगळ्या दे' असंही मागता येतं. मग कंटेनर सगळ्या गोळा करून एक लिस्ट हातात देतो. आमच्या तपासण्या अशाच यायच्या. नवी तपासणी लिहिली की आपोआप लिस्टमध्ये. सोय मोठी छान. फक्त एक गोष्ट होती. एकही तपासणी सापडली नाही, तर आमचा कंटेनर तक्रार करायचा नाही. रिकामी लिस्ट द्यायचा. प्रोग्रॅम ती लिस्ट वाचायचा, त्यात काहीच नसायचं, म्हणून काहीच खटकायचं नाही. हिरवी खूण.

सर्व्हरवर बघितलं, तर तपासण्यांची फाइलच नव्हती. आधी त्या मुख्य प्रोग्रॅममध्येच होत्या. आमचे मालक सुहास सर यांनी त्या वेगळ्या काढायला लावल्या, 'सेफ्टी पॅक' म्हणून निराळ्या विकता याव्यात म्हणून. या हॉस्पिटलनं पॅक घेतला होता. पण नवीन अपडेट टाकताना ती फाइल कॉपी झाली नाही, आणि कुणाला कळलंही नाही. कळणार कसं?

पॅक वेगळा काढताना मी सरांना म्हटलं होतं, "सर, लिस्ट रिकामी आली तर 'तपासणी झाली नाही' असं दाखवूया."

"म्हणजे पॅक न घेतलेल्या क्लायंटला रोज तेच दिसणार? वेडी हाईस काय? फोन करून डोकं खातील माझं."

"मग निदान हिरवं तरी नको."

"हिरवं बरं दिसतंय. ऱ्हाऊ दे."

विषय तिथंच संपला होता.

आता सर हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसले होते. मी आत गेले आणि सापडलं ते सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. इंजेक्शन त्यांनीच लिहून दिलं होतं.

"मॅडम, आम्ही नातेवाइकांना आधीच सांगितलंय की सिस्टरकडून चूक झाली. तिला काढलंय. आता परत दुसरंच सांगितलं तर बाहेर काय होईल?"

"पण डॉक्टर, लता सिस्टरांनी स्क्रीन बघितली होती. तुम्हीच तसं सांगितलं होतं."

सुहास सर मध्येच म्हणाले, "हे ट्रेनिंगमध्ये कमी पडलं म्हणायचं. सॉफ्टवेअर हे फक्त मदतीला असतंय."

मी बाहेर आले. बाकड्यावर बाळासाहेबांचा धाकटा भाऊ संभाजी बसला होता. त्याला मी सगळं सांगितलं, कंटेनर वगैरे सोडून. तो उठून उभा राहिला.

"डॉक्टर म्हंत्यात सिस्टरची चूक. तुम्ही म्हंताय कॉम्प्युटरची. उद्या आनि कोन येऊन आमच्या दादाचीच म्हनंल! आमी धरायचं कुनाला, सांगा की!"

केबिनचं दार किलकिलं होतं. आतून कुणी बाहेर आलं नाही.

सरांनी त्याच दिवशी फाइल टाकायला लावली. हिरव्या खुणेला हात लावू दिला नाही. पॅक न घेतलेल्या बाकीच्या हॉस्पिटलांत ती तशीच झळकत होती. दुसऱ्या दिवशी मी माझ्याच फोनवरून एकेका हॉस्पिटलला सांगत सुटले की हिरव्यावर विसंबू नका, मागे कुणी तपासत नाही. काहींनी 'बरं' म्हणून फोन ठेवून दिला. काहींनी सरांना फोन लावून शिव्या घातल्या. संध्याकाळी सरांनी माझा लॅपटॉप काढून घेतला.

"घरचं खाऊन घरालाच आग लावलीस," एवढंच म्हणाले. खूण मात्र त्या आठवड्यात बदलली. आता करड्या रंगात 'तपासणी झाली नाही' असं दिसतं. मी भांडून जे झालं नव्हतं, ते क्लायंटच्या शिव्यांनी झालं.

बाळासाहेब वाचले. पण किडनीला मार बसला. ट्रॅक्टरखाली झोपून काम करणं बंद झालं, वर्कशॉप संभाजी बघतो. लता सिस्टरांना कागलच्या एका दवाखान्यात काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी चहा दिला.

"तुमी खरं बोललासा, ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "पन काढलं ते मलाच न्हवं?"

डॉक्टरांचं हॉस्पिटल जोरात चालू आहे. तिथं सॉफ्टवेअरही सुहास सरांचंच आहे.

मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. कुणी कंटेनरकडून लिस्ट मागणारा कोड दाखवायला आणला की एकच विचारते: लिस्ट रिकामी आली तर काय करणार? बहुतेकांनी विचार केलेला नसतो. मग सांगते, प्रोग्रॅम तिथंच बंद पाडा. क्लायंट ओरडेल, मालक ओरडेल. ओरडू देत. स्क्रीन बंद असली की माणसं वैतागतात, पण निदान पेशंटला विचारतात तरी.