वारुळाचा वाटा

कासूला, आमच्या गावी, भातखाचराच्या बांधावर लाल मातीचं एक वारूळ होतं, आणि श्रावण तोंडावर आला की एका रात्रीत त्याच्या अंगावर अळंब्या उभ्या राहत – मिटलेल्या, पांढऱ्या, देठ खोल मातीत गेलेले, आणि ओल्या मातीत मुरलेला तो गोडसर वास... आजही तो आठवला की आधी तोंडाला पाणी सुटतं, मग राग येतो.

अळंब्या काढायचा मान आत्याचा. नवरा वारल्यापासून ती माहेरीच राहायची, आणि घरात तिच्या शब्दाला किंमत असायची ती वर्षातल्या त्या चार दिवसांत. विळा लावायचा नाही, देठ हातानंच पिरगळायचा, आणि पूर्ण उमललेल्या दोन छत्र्या तिथंच सोडायच्या – वारुळाचा वाटा. वाळवी त्यांचं बी आत नेते, पेरते, म्हणून पुढच्या वर्षी आपल्याला मिळतं, असं ती सांगे. वडील रोह्याच्या शाळेत शिक्षक. त्यांना हे ऐकून हसू यायचं.

मी चौथीत असताना वाळवीनं त्यांची पुस्तकांची पेटी पोखरली. नागपंचमीला त्यांनी बांधावरच्या वारुळाला दूध-लाह्या वाहिल्या आणि चारच दिवसांनी, त्याच हातांनी, त्याच्या भोकाभोकांत औषध ओतलं. आत्या आडवी आली. तिला दंडाला धरून बाजूला केलं. पेटीतली वाळवी घराच्या भिंतीतली होती, ती पुढेही सुखानं पुस्तकं खात राहिली.

दुसऱ्या श्रावणात आत्या रोज सकाळी टोपली घेऊन बांधावर जायची आणि रिकामी परतायची. मी म्हटलं, उद्या येतील. ती म्हणाली, "बी न्यायला आता हाय कोन गो?" नंतर ती गेली नाही. टोपलीत कांदे ठेवू लागली.

पेणला कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी शिकवलं – वाळवी अळंबीचे बीजकण पाल्यासोबत वारुळात नेते, तिथं तिची बाग लावते, त्यावर जगते. मी तडक घरी येऊन वडिलांना सांगितलं. वर्तमानपत्रातून मान वर न करता ते म्हणाले, "असेल." नुसतं असेल! आत्या तोवर गेली होती, हे ऐकायला ती उरली नव्हती.

वडीलही आता नाहीत. राग मात्र आहे, आणि तो विझावा असं मला वाटतही नाही. बांधावर वारुळाच्या जागी गवताळ ढेकूळ उरलंय. नागपंचमीला वहिनी अजून तिथं लाह्या वाहतात, मलाही हात जोडायला सांगतात. मी जोडत नाही. खाली वाकून आधी अळंबी शोधते.