बाजरीच्या डब्यातलं स्विस घड्याळ

आप्पांच्या मनगटावरच्या घड्याळाला त्यांच्या पत्नी, आमच्या मामी, कधी घड्याळ म्हणत नाहीत. वावर म्हणतात. "आधी वावर काढून ठेवा, मग हात धुवा," असं. शिरूरजवळचं रस्त्याकडेचं वावर कारखान्याला गेलं, त्या पैशातून घरावर स्लॅब आला, मुलीचं लग्न झालं, आणि उरल्यातून आप्पा पुण्याला जाऊन स्वित्झर्लंडचं घड्याळ घेऊन आले. किंमत त्यांनी कुणालाच सांगितली नाही. मामींनी ती बरोबर ताडली.

मी त्यांच्या गोठ्यावर असतो. माझं गाव पार पूर्वेला, भाताच्या मुलखात. आठवीत शाळा सुटली, इकडं कंत्राटावर आलो, आणि कंत्राट संपलं तेव्हा आप्पांनी विचारलं, "धारा काढता येत्यात का?" मी हो म्हणालो. येत नव्हत्या. पुढचं म्हशीनं शिकवलं. तेव्हापासून मला राहायला खोली आहे, मामींच्या हातची भाकरी आहे, आणि एक भीतीही आहे: घरात कुठं काही पडल्याचा आवाज आला की आधी वाटतं, गेलं आपलं काम.

त्या घड्याळाची कथा शिरूर तालुक्यात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली असेल. दुकानातल्या टायवाल्या पोरानं आप्पांना थंडगार कॉफी पाजून ती सांगितली होती. तिकडं डोंगरात गुरं राखणारे लोक. हिवाळ्यात बर्फ पडला की वाट बंद. खाली गोठ्यात गुरं बांधायची, वर माडीवर खिडकीशी बसून घड्याळाची बारीक चाकं घासायची. बर्फ वितळला की व्यापारी येऊन माल न्यायचा. अशाच एका घराचा पुढं कारखाना झाला, कारखान्याचं नाव झालं, आणि ते नाव राजेरजवाड्यांच्या हातावर गेलं.

इथं आले की आप्पांचा आवाज चढायचा. "म्हंजी ते बी आपल्यावानीच! आमचा आज्जा मेंढरामागं हिंडायचा, आन् पावसाळ्यात बसून लोकर कातायचा."

"मग तुमच्या आज्ज्याची कंपनी कुठं हाय?" मामी आतून.

पण आप्पांना सगळ्यात भारी वाटायचं ते वेगळंच. ही कंपनी म्हणे मुद्दाम कमी घड्याळं काढते. गिऱ्हाइकानं पैसे घेऊन जायचं आणि वाट बघत बसायचं. "आपण कांदा चाळीत ठिवला की साठेबाज," आप्पा म्हणायचे, "आन् त्यांनी घड्याळ ठिवलं की इज्जत!"

त्यात सेल नाही, रोज चावी द्यायची नाही. आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरते. दोनेक दिवस हातावर नसलं तर बंद.

यंदा आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दौंडला, कारण मुलगी तिथं रेल्वे कॉलनीत राहते. दवाखान्यात नर्सनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. आप्पांनी घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं.

"मी पायावर उभा राहीस्तवर बंद पडू देऊ नको," ते म्हणाले. "बंद घड्याळ घरात लई वाईट. तू दोन टायमाला धारा काढतोस, हात हलतोय. त्याचं पोट भरंल."

"झालं," मामी म्हणाल्या. "आता वावर म्हशीच्या कासंखाली."

परतीच्या एसटीत मी डावा हात पोटाशी धरून बसलो. शेजारच्या आजोबांनी तो ओढूनच बघितला. "लई झ्याक बनवत्यात आता डुप्लिकेट. माझ्या नातवाकडं असलंच हाय, त्याला लाइट बी लागते."

"व्हय," म्हणालो. याच घड्याळाला कांद्याच्या आडतीवर लोक उठून खुर्ची देतात. इथं त्याला लाइटसुद्धा नव्हती.

रात्री आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काढून ठेव रे बाबू. शेण लागंल, म्हैस लाथ मारंल. मोठ्या लोकाइची वस्तू."

मला तेच ऐकायचं होतं. घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि बाजरीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरलं. मग निर्धास्त धारा काढल्या. इतका निर्धास्त, की वस्तू चोरीला जाणार नाही एवढंच डोक्यात राहिलं. ती हलायला हवी, हे साफ विसरलो.

नंतर दूध आणि रुमालात गुंडाळलेलंच घड्याळ घेऊन दौंडला गेलो तेव्हा आप्पा लेकीच्या घरी आले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आप्पा पलंगावरून हलायला तयार नव्हते. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत टाकलेला. मामींचा चेहरा पहिल्यांदाच थट्टेचा नव्हता. "असं पडून राहिले तर कायमचे पडतील," त्या मला दारातच हळू म्हणाल्या. मला शिरूरच्या घराचा ओटा दिसला, त्यावरची आप्पांची रिकामी बाज दिसली.

"घड्याळ दाव," आप्पा म्हणाले.

मी रुमाल सोडला. काटा थांबलेला होता. आप्पांनी ते कानाला लावलं. बोटाला लागलेलं बाजरीचं पीठ बघितलं.

"कुठं ठिवलं व्हतं?"

"डब्यात, आप्पा. बाजरीच्या. शेण लागंल म्हणून."

मला वाटलं, आता बोचकं बांधावं. पण आधी मामीच बोलल्या.

"इतक्या लांबचं, इतकं नावाजलेलं. दोन दिस पडून राहिलं आन् बंद. मग तुमचं काय वो? तुम्ही तर शिरूरचं."

आप्पांनी घड्याळाच्या काचेवरचं पीठ अंगठ्यानं पुसलं. बाहेर जंक्शनवर एक गाडी शिटी मारून गेली.

"टॉवेल काढ त्यावरचा," ते मला म्हणाले.

पलंगापासून दारापर्यंत ते शिव्या देत गेले. डॉक्टरला, गुडघ्याला, मला. येताना मामींना. मी मागं हात पसरून चालत होतो, पण पडले नाहीत. घामाघूम होऊन बसले आणि घड्याळ पुन्हा माझ्याच हातावर बांधलं.

"वॉकर धरल्यावर माझा हात कुठं हलतोय? तूच घाल. आन् धारा काढताना काढायचं न्हाई."

"शेण लागंल, आप्पा."

"लागू दे की. गोठ्यावरच्या माडीतच जन्मलंय ते."

आता ते रोज माझ्या हातावर असतं. आप्पा दौंडच्या कॉलनीत आता फाटकापर्यंत जातात, असं मामी फोनवर सांगतात. म्हशीला मात्र त्याचा पट्टा गार लागतो. पहिल्या धारेला ती दचकते आणि मान वळवून माझ्याकडं बघते.