बाहुला मोठा केला नि खड्डा गायब झाला

बायांनो, आज दुपारी नातीने माळ्यावरून टीव्हीला जोडायचा गेम काढला. तिच्या आईचा, नव्वद सालानंतरचा. अजून चालतोय!

तेव्हा आमचा कळव्यातला टीव्ही एवढासा. चित्र मोठं दिसावं म्हणून मी त्याच्यापुढे प्लास्टिकचं भिंग लावलेलं. बातम्यांना ठीक होतं. पण गेममधला पळणारा बाहुला मोठा व्हायचा नि कडेचा खड्डाच दिसायचा नाही. लेक धपाधप पडायची आणि मी ओरडायची, "डोळे आहेत की बटणं?" भिंग काढायचं काही मला सुचलं नाही.

आज खेळायला मी बसले. मला मोतीबिंदू, म्हणून नातीने रिमोटने चित्र मोठं केलं. बाहुला हत्तीएवढा झाला आणि कडा कापल्या गेल्या. तीनदा खड्ड्यात!

"लहान कर गं. मला त्याचं तोंड नाही, पुढची वाट बघायचीय."

तिने केलं. खड्डा आला, पण मला सगळं धुकंच.

"आता टीव्हीत बिघाड नाही हां आजी," नात म्हणाली.

कार्टी खरं बोलली. वर्षभर मी ऑपरेशन टाळतेय, फोनची अक्षरं मोठी करून भागवतेय. तिथल्या तिथे नौपाड्याच्या डॉक्टरांना फोन लावला. सोमवारी जाते.

गेम परत माळ्यावर ठेवू दिलेला नाही. तो खड्डा मला ओलांडायचाय.

तुमच्यातलं कोण कोण अजून नुसती अक्षरं मोठी करत बसलंय? खरं सांगा.