चिनी कायद्याची पंगत

ये, अशी जवळ ये. एक पाय दारात आणि एक पायरीवर ठेवून कुणी गोष्ट ऐकतं का? पिशवी ठेव खाली, तो फोन पालथा घाल आणि माझ्याकडं बघ. तू सगळ्यांना सांगत फिरतेस म्हणे, की आमच्या गच्चीवर चिनी लोक जेवून गेले. अगं, चिनी एकही नव्हता त्यात. दिल्लीचे होते, पुण्याचे होते, दोघं बंगळूरचे, एक केरळची बाई. एक खरा चिनी प्राध्यापक होता, पण तो चीनमधनं पडद्यावर बोलत होता, आणि पडद्यावरच्या माणसाला वाढायची सोय अजून निघालेली नाही. अर्धवट ऐकायचं आणि पुरं सांगायचं, ही तुझी खोड लहानपणापासनंची, चुलतीला ठाऊक आहे. म्हणून आता लिहूनच ठेवते. शाळेत मी सातवीपर्यंत गेले, पुढचं सगळं वाचनालयाच्या जिवावर. त्यामुळं माझं लिहिणं म्हणजे बोलणंच, आणि बोलायला समोर कुणीतरी लागतं. तू इथं नाहीस हे ठाऊक आहे मला, पण बसलीस असं धरते.

तर माझी भाची. नेसरीच्या माझ्या भावाची मुलगी. वकिलीच्या कॉलेजला म्हणून माझ्याकडं राहायला आली, ती शिकून तिथंच शिकवायला लागली तरी माझ्याचकडं. माझा मुलगा पुण्याला, त्याची खोली तिला दिली. हिनं पुढच्या अभ्यासाला विषय घेतला चीनचा कायदा. भाऊ माझा कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "अक्का, आपल्या बांधाचा निकाल गडहिंग्लजच्या कोर्टात लागंना, आणि ही चीनचा कायदा शिकून कुणाचं भलं करणार हाय?"

मी म्हटलं, "तुझा बांध चीनमध्ये असता तर लवकर लागला असता कदाचित. शिकू दे तिला."

ती सकाळी गच्चीवर चिनी भाषेचा सराव करायची. एकच शब्द, पण चार सुरांत, सूर बदलला की अर्थ बदलतो म्हणे. वर चढवायचा, खाली सोडायचा, मध्येच वळवायचा. शेजारच्या सिस्टरबाईंना वाटलं, पोरीनं गाण्याचा क्लास लावला आणि गळा काही साथ देत नाही. सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. बुद्धपौर्णिमेची त्यांची खीर आमच्याकडं, संक्रांतीच्या आमच्या तिळाच्या भाकरी त्यांच्याकडं, असं आमचं बरीच वर्षं चाललंय. त्यांचा मुलगा कॅनडात.

आता गच्चीवर जेवलेली मंडळी ज्या परिषदेला आली होती, ती काय असते ते सांगते, कारण तिथंच तुझा घोळ झालाय. चीनच्या कायद्याचा अभ्यास करणारी मंडळी आपल्या देशात मूठभर. ती वर्षातनं एकदा कुठल्या तरी गावात जमतात. प्रत्येकानं चीनचा एक कायदा घ्यायचा, शेजारी आपला ठेवायचा, आणि दोन्ही ताडून बघायचे. कशात सारखे, कशात वेगळे, आणि का. त्यातले चांगले निबंध निवडून पुस्तक निघतं. माझ्या भाचीनं त्या सगळ्यांना कोल्हापूरला बोलावलं, कारण तिला स्वतःचा निबंध वाचायचा होता. तो पुस्तकात गेला तर चीनला जाऊन वर्षभर शिकायची वाट मोकळी होती. नाही गेला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. महिनाभर पोरगी धड जेवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नंबर होता. मी आणि सिस्टरबाई कॉलेजच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत जाऊन बसलो. सगळं इंग्रजीत. इंग्रजी मला सावकाश वाचता येतं, ऐकायला गेलं की ते पळतं. सिस्टरबाईंचं इंग्रजी चांगलं, त्या कानात सांगायच्या.

आधी बंगळूरच्या एकानं शेतजमिनीवर वाचलं. तिकडं खेड्यात जमीन कुणा एकाच्या नावावर नसते, गावाची सामायिक असते, आणि घराघराला ती करारानं कसायला मिळते. म्हणजे सातबारा नाहीच. मी सिस्टरबाईंना हळूच विचारलं, "मग भाऊ-भाऊ भांडतात कशावरनं?"

त्या म्हणाल्या, "काढत असतील की काहीतरी. भांडायला कारण लागतंय व्हय?"

पुढच्या रांगेतल्या केरळच्या बाईनं मागं वळून बघितलं. आम्ही पदर सावरून सरळ बसलो.

मग आमची पोरगी उठली. तिचा विषय म्हातारे आईबाप. आपल्याकडं मुलं सांभाळत नसतील तर आईबापांना प्रांतसाहेबाकडं अर्ज करून खावटी मागता येते. चीनच्या कायद्यात त्याच्यापुढं आणखी एक गोष्ट आहे. वेगळी राहणारी मुलं असतील, तर त्यांनी आईबापांना वारंवार भेटायला यावं किंवा त्यांची विचारपूस करावी. कायद्यात लिहिलंय तसं. आपल्याकडं पोटाचं बघितलंय, तिकडं भेटीचंसुद्धा, असं तिचं म्हणणं. छान बोलली. मी टाळी वाजवायला हात उचलले, तर सिस्टरबाईंनी धरले. म्हणाल्या, "थांबा, अजून उणी काढायचीत."

तिथली रीत अशी, की प्रत्येक निबंधाला एक जाणता माणूस नेमलेला असतो. त्यानं उठायचं आणि निबंधातलं काय काय कच्चं आहे ते सगळ्यांसमोर सांगायचं. लग्नात विहीण असते ना, तसं. फरक इतकाच, की इथं त्याबद्दल त्याला मान असतो. आमच्या पोरीला नेमले होते दिल्लीचे एक म्हातारे सर. मूळचे नागपूरकडचे, पांढरेशुभ्र केस, अंगावर इस्त्रीचा सदरा, आवाज अगदी मऊ. त्या मऊ आवाजात त्यांनी पोरीचा निबंध सोलून ठेवला. वारंवार म्हणजे किती वेळा? ठरवणार कोण? मुलगा नाहीच आला तर कोर्ट काय करणार, पोलिसांबरोबर पाठवणार? आणि शेवटी म्हणाले, यात कायदा आहे, खटले आहेत, पण एक तरी म्हातारं माणूस आहे का?

पोरगी मान खाली घालून लिहून घेत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागनं दिसल्या.

आता ऐक. त्या दुपारचं जेवण आमच्या घरी होतं. पावणं कोल्हापुरात यावं आणि दोन्ही दिवस बाहेरच जेवून जावं, हे आपल्याला जमणारं नाही. आदल्या रात्री बहुतेकांनी तांबडा-पांढरा रस्सा ओरपला होता. आमच्यात मटण नाही, तेव्हा पुरणपोळी, कटाची आमटी, भरलं वांगं, भात. गच्चीवर मांडव घातला होता, गल्लीतल्या चौघीजणी मदतीला. मी हॉलवरनं निघाले ती तरातरा स्वयंपाकघरात आले आणि सगळ्यांना सांगितलं, "ते पांढऱ्या केसांचं पावणं हाय न्हवं, त्याला आग्रह करायचा न्हाय."

उलथनं हातात धरून एकजण तशीच थांबली. "म्हणजे? दुसरी पोळी?"

"मागितली तर द्यायची. आपण होऊन न्हाय."

"आणि तूप?"

"एकदा."

"अक्का, लईच झालं हे," दुसरी म्हणाली. "मारा पाहिजे तर त्याला. पण आग्रह न्हाय म्हणजे काय?"

सिस्टरबाई म्हणाल्या, "बरोबर हाय. पोरीला भर सभेत रडवायचं आणि वर आमची पोळी चापायची?"

सिस्टरबाईंचा शब्द गल्लीत चालतो. ठरलं.

पंगत बसली. बाकीच्यांना आम्ही असं वाढलं की विचारू नकोस. पुण्याच्या एका सरांनी ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतनं तूप सोडलं. केरळच्या बाई नको नको म्हणत होत्या, त्यांना वाटलं नको म्हटलं की थांबतात. बंगळूरच्या दोघांना मी कानडीत गाठलं, त्यांना पळायला वाटच उरली नाही. आणि त्या पांढऱ्या केसांच्या सरांसमोर एक पोळी, एक पळी आमटी, वांग्याची एक फोड. आमच्या बायका वाढत वाढत त्यांच्यापर्यंत यायच्या आणि त्यांना ओलांडून पुढं जायच्या. आपल्याकडचा माणूस असता तर पानावरनं उठून गेला असता आणि पुढच्या पिढीपर्यंत बोलला नसता. हे गृहस्थ एकेक घास चावून, शांतपणे जेवले. ताट पुसून लख्ख केलं. मला जरा चुकल्यासारखं वाटायला लागलं, पण सिस्टरबाई डोळे वटारून उभ्या.

जेवणं झाली आणि सर थेट स्वयंपाकघराच्या दारात. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

त्यांनी हात जोडले. "ताई, तुमचे फार उपकार झाले."

मी म्हटलं, "टोमणा मारताय व्हय?"

"नाही हो. मला पोटाचा त्रास आहे, त्यात साखर. ज्या गावी परिषद, त्या गावी लोक प्रेमानं मारायला उठतात. कोल्हापूर म्हटल्यावर तर मी कालपासून धास्तीच घेतली होती. जेवणाआधीची गोळीसुद्धा दोन वेळा तपासली. आणि तुमच्या घरी कुणी एका शब्दानं आग्रह केला नाही. माणसाचं न सांगता ओळखणारी माणसं हल्ली कुठं भेटतात?"

मागं भांडी घासणारी एकजण पदर तोंडात कोंबून फडताळाकडं वळली. मी म्हटलं, "तोंडावरनंच कळतं की, सर." काय करणार? तिथं आणखी काय बोलता आलं असतं?

गंमत पुढं झाली. चार-चार पोळ्या पोटात गेलेली मंडळी गच्चीवरच्या सतरंजीवर टेकली आणि आडवी झाली. पुण्याचे सर घोरायला लागले. बंगळूरचे दोघं एकाच लोडावर डोकं टेकून गार. दुपारचं सत्र सुरू करायची वेळ झाली, टळली, कुणाला शुद्ध नाही. अख्ख्या परिषदेत जागे दोघंच. पोटातलं हलकं असलेले ते सर, आणि काळजीनं न जेवलेली आमची पोरगी. दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीला खुर्च्या टाकून बसली. एरवी त्या सरांभोवती दहा माणसं असतात, तिला दोन मिनिटं मिळाली नसती. इथं अख्खी दुपार मिळाली. मी ताक द्यायला गेले तेव्हा ते सांगत होते, "निबंध टाकाऊ असता तर मी छान छान म्हणून बसलो असतो. उणी काढली, कारण तो उभा राहू शकतो. पण आधी कुणाला तरी विचार. खाली स्वयंपाकघरात दोघी आहेतच."

पोरगी वही घेऊन तशीच खाली आली. आम्ही दोघी उरलेलं पुरण डब्यात भरत होतो.

"आत्ती, समजा आपल्याकडं असा कायदा आला, की मुलांनी आईबापांना भेटायला आलंच पाहिजे. तुला चालेल?"

मला हसूच आलं. "कायद्यानं आलेल्या पोराला मी चहा कशाचा द्यायचा गं? पाव्हण्याचा का आरोपीचा? नको बाई. माझा यायचा तेव्हा येईल."

ते लिहून घेऊन तिनं सिस्टरबाईंकडं बघितलं. मला वाटलं, त्याही हसतील. त्या पुरणाच्या पातेल्याच्या कडा खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे की कायदा. तुम्हाला पुणं हाय, अक्का, म्हणून बोलताय. रात्री बसला तर सकाळी दारात. माझा कायद्यानं आला तरी चालतंय मला. पोलीस घेऊन आला तर पोलिसालापण वाढते."

पोरीनं तेही लिहून घेतलं. इतकी वर्षं शेजार आमचा, पण हे मला माहीत नव्हतं. कॅनडाचं नाव निघालं की त्या नेहमी तिथल्या बर्फाच्या गमती सांगायच्या.

पोरीनं नंतर चार महिने त्यावर काम केलं. जयसिंगपूरला गेली, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारत हिंडली, नेसरीत तर माझ्या भावालासुद्धा सोडलं नाही. तो म्हणाला, "माझी पोरगी कोल्हापुरास्नं येत न्हाय, ते लिही आधी." आणि निबंध पुस्तकात गेला. त्यात आमच्या दोघींची वाक्यं इंग्रजीत आहेत, नावं नाहीत. सिस्टरबाई झाल्यात निवृत्त परिचारिका आणि मी झालेय गृहिणी. मी तिला म्हटलं, अगं निदान वाचनालयाची सभासद तरी लिहायचंस. सिस्टरबाईंनी त्या पानाचा फोटो काढून कॅनडाला पाठवला. तिकडनं फोनवर नुसतं अंगठ्याचं चित्र आलं. त्यांनी ते मला दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा, विचारपूस झाली," आणि आम्ही दोघी हसलो, पण त्या जरा आधी थांबल्या.

पोरगी गेली चीनला. स्टेशनवर मी रडले नाही, भाऊच रडला, ज्यानं कपाळाला हात लावला होता तो. आता संध्याकाळी तिचा फोन येतो, तिकडं रात्र झालेली असते. काय खाल्लं ते दाखवते, तिथल्या परिषदेत कुणी कुणाची उणी काढली ते सांगते, आणि आता तीही काढायला लागलीय म्हणे. सगळं हवं होतं तसंच झालं. फक्त गच्चीवर सकाळी आवाज नसतो. परवा सिस्टरबाई म्हणाल्या, पोरगी बेसूर होती, पण उठवायची वेळेवर. आम्ही दोघी कठड्याला टेकून बराच वेळ रस्त्यावरची माणसं बघत बसलो.

तू काय चीनला नाहीस नि कॅनडालाही नाहीस. गडमुडशिंगीहून तासाभरात येशील, वाटेत भाजी घेऊन आलीस तरी. पोरांना सुट्टी लागली की आण त्यांना, नाहीतर एकटी ये. फोन करून यायची गरज नाही, मी घरीच असते. पण या आठवड्यात ये बघ, पुढच्यावर ढकलू नकोस.