रिव्हर्समध्ये घाट चढलेली ऑर्लेटामावशी

गिऱ्हाइकाला किल्ली देताना थट्टा करू नये, असं मालकानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरी ऑर्लेटामावशीला मोटरहोम, म्हणजे बसएवढी घरगाडी, भाड्यानं देताना मी बोलून गेलोच, की घाटात इंजिनानं दम टाकला तर गाडी फिरवा आणि रिव्हर्समध्ये चढा, जुनी माणसं तशीच चढायची.

चढायची हे खरं. किंगमनहून ओटमनला जाणारा आमचा जुना हायवे वाळवंट ओलांडून सिटग्रीव्हज घाटात शिरतो. जुन्या फोर्डचं नाक वर झालं की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लोक शेपूट पुढे करून चढत. त्या लोकांत मावशीचे वडीलही होते, हे मला कुठं ठाऊक?

मला मावशी ठाऊक शाळेच्या स्वयंपाकघरातली. घेवड्याच्या उसळीचा डाव हातात घेऊन आधी आमची नखं तपासायची. नवरा लेलंड पाण्याचा टँकर चालवायचा. सुटीत कुठं निघाले तरी स्टिअरिंगवर तोच, आणि शेजारी बसून "हळू, हळू" म्हणायला ही. हिवाळ्यात लेलंड गेला. त्याची राख घाटमाथ्यावर सोडायची होती. आमच्याकडचे बरेच जण आपली माणसं तिथंच सोडून येतात. एवढ्यासाठी मोटरहोम कशाला, विचारलं तर म्हणाली, लेलंडला पाय आखडून बसवत नसे.

त्याच दुपारी एका मोटरसायकलवाल्याचा फोन आला, तुमचं मोटरहोम घाटात उलटं चढतंय. मला वाटलं, गडी पिऊन बोलतोय. मग माझीच थट्टा आठवली आणि मी पिकअप हाणली.

पहिल्या वळणावर जे दिसलं ते अजून झोपेत दिसतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये कठडा नावाचा प्रकार नाही. काचेआड मावशीचा चेहरा थेट माझ्याकडं, आणि गाडी मात्र माझ्यापासून लांब लांब चाललेली. शेजारच्या सीटवर मक्याच्या लाह्यांचा पत्र्याचा डबा, त्याला पट्टा बांधलेला. मी हॉर्न दाबायला गेलो आणि हात मागं घेतला. दचकली तर थेट दरीत.

पुढं रस्त्यात गाढवं उभी होती म्हणून ती थांबली. मी धावत खिडकीशी गेलो.

"खाणवाल्यांनी सोडलेली गाढवं कमी होती," ती म्हणाली, "त्यात तू आलास."

मी आत डोकावून तापमानाचा काटा पाहिला. इंजिन थंडगार. दम टाकलाच नव्हता. मग हे कशासाठी, मी विचारलं.

मावशीनं हनुवटीनं खाली दाखवलं. दूर सपाटीवर त्यांचं पत्र्याचं घर चमकत होतं.

"सरळ चढले असते तर त्याची घराकडं पाठ झाली असती. माथ्यापर्यंत त्याला घर दिसत राहू दे, एवढंच. तू बोललास नि बाबांचं आठवलं."

मी म्हटलं, मी चालवतो, रिव्हर्समध्येच चालवतो. नको म्हणाली. जन्मभर त्यानं मला फिरवलं, आज मी त्याला फिरवणार.

पिकअप कडेला लावली, गाढवं हाकलली आणि मोटरहोमच्या शेपटाशी, तिला आरशात दिसेन असा चालत हातवारे करत राहिलो. एका वळणावर मागचं चाक काठावरच्या मुरमात घसरलं, खडे दरीत गेले. त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. मी हात वर केला. ती थांबली, स्टिअरिंग वळवलं, आणि खिडकीतून ऐकू आलं, "हळू, हळू." स्वतःलाच म्हणत होती की डब्याला, कोण जाणे.

माथ्यावर तिनं डबा उघडला. राख वाऱ्यानं घराच्याच दिशेला गेली. मग तिनं खिशातून अंगणातला दगड काढून जमिनीवर ठेवला. त्यांच्या घरची रीतच तशी. पोचवायला आलेल्या प्रत्येकानं आपल्या दारातला एक दगड ठेवायचा. माझ्या खिशात नुसत्या किल्ल्या.

"तुझा बाकी राहिला," मावशी म्हणाली. "आणून ठेव."

माझा दगड अजून दारातच पडलाय. परवा पिकअपमध्ये टाकला होता, परत काढून ठेवला. चाक घसरलं ते वळण आठवलं.