उंब्रजच्या पाहुण्यांनी बाहेर यावे

सस्पेन्स पिक्चर लागला की मला जेवण सुचायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मी उंब्रजला मास्तरकी करत होतो आणि मध्यंतरालाच खुनी ओळखतो अशी माझी ख्याती होती. त्यात हुशारी कसली? ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो कधीच नसतो. अंधारात काही हललं, बाईनं किंकाळी फोडली, की आधी मांजर निघतं. लोक हुश्श करून हसतात, आणि खुनी त्यानंतर येतो.

बायको पहिल्या बाळंतपणाला सांगलीला माहेरी होती. दिवस भरल्यावर तिला दवाखान्यात ठेवलं, तसा मी रजा काढून गेलो. दुपारपर्यंत कळा नव्हत्या. व्हरांड्यातल्या माझ्या येरझारा बघून धाकटा मेहुणा म्हणाला, "पाव्हणं, हितं थांबून काय करताय? तीनचा खेळ बघून या. काय लागलं तर मी हाय की." मला तेवढंच हवं होतं.

मध्यंतर झालं. नायिका रिकाम्या बंगल्याचा जिना चढू लागली. संगीत थांबलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, काचेवर शाईनं लिहिलेली पाटी उमटली: 'उंब्रजच्या पाहुण्यांनी ताबडतोब बाहेर यावे.'

सासुरवाडीत जावयाचं नाव कोण घेतं? मेहुण्यानं दारावर तेवढंच सांगितलं असणार. मी पायांनी चपला चाचपल्या. उठणार, तोच दोन रांगा पुढचा एक फेटेवाला उठला आणि "आलो, आलो" करत बाहेर गेला. म्हणजे उंब्रजचा आणखी एक पाहुणा होता तर! मी परत टेकलो. खरं सांगायचं तर मला टेकायचंच होतं. मी उठलो नाही, तर तिकडे काही झालेलंच नाही, असं मनानं घेतलं होतं. नायिका अजून जिन्यातच होती.

बऱ्याच वेळानं फेटेवाला परत आला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आमच्यातलं न्हाई गड्या. दुसऱ्याच कुनाला तरी हुडकत्यात."

मांजर येऊन गेलं होतं. तरी मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. पाटी पुन्हा लागली. मागून कोणी तरी खेकसलं, "आरं उठ की रं, कोन हायस त्यो!" तेव्हा कुठे मी लोकांचे पाय तुडवत दाराकडे निघालो.

बाहेर मेहुणा सायकल धरून उभा होता. "आवं, किती येळ! ऑपरेशन करायचं म्हनत्यात. तुमची सही पायजे."

कॅरिअरवर बसून दवाखाना गाठला. नर्सनं बोट ठेवलं तिथं सही केली.

बायको वाचली. मुलगा वाचला नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांनी काही फरक पडला असता का, हे डॉक्टरांना विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं भावाला विचारलं, "ह्यास्नी निरोप मिळायला येळ लागला का रं?"

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "न्हाई गं आक्का. पाटी लागल्याबरोबर पाव्हणं उठलं."

तिनं माझा हात हातात घेतला, आणि मी तो घेऊ दिला.