तो हुकूम सिस्टर मार्थांचा नव्हता

सर्वांत आधी उशिराबद्दल माफी मागतो. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेख दिवाळीआधी मागितला होता, आता संक्रांतही होऊन गेली. तीन वेळा लिहिला आणि तीनही वेळा फाडला. माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं, हे एक कारण आहेच. पण सिस्टर मार्थांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला बसलो की एक गोष्ट आडवी येते. आफ्रिकेत त्यांच्या हातून हलगर्जीपणा झाला, म्हणून त्यांना तिथल्या रुग्णालयाच्या प्रमुखपदावरून काढलं, अशी नाशिकमध्ये पुष्कळांची समजूत आहे. समारंभाच्या तयारीसाठी गंगापूर रोडला बैठक झाली, तिथेही एक गृहस्थ हळू आवाजात हेच म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो आणि गप्प राहिलो.

आफ्रिकेतली ती चूक माझी होती. सिस्टरांनी मला ते कुठेही बोलायला बंदी केलेली आहे. आता बंदी पाळावी की मोडावी, या विचारात लेख राहून गेला.

आमची ओळख निफाडजवळच्या मिशनच्या दवाखान्यात झाली. मी द्राक्षबागांच्या मोटारी दुरुस्त करत असे. दवाखान्याच्या बोअरची मोटार जळाली म्हणून मला बोलावलं होतं. पाण्याची टाकी बघायला मी चिखलाच्या चपलांसकट थेट बाळंतिणींच्या खोलीत शिरलो. आतून आवाज आला, "अहो मिस्तरी, चपला बाहेर! इथे माणसं जन्माला येतात." मी घाबरून चपला काढल्या, तर माझ्या टाचेला पत्रा लागून रक्त येत होतं. त्याच सिस्टरांनी मला स्टुलावर बसवलं, जखम धुतली, पट्टी बांधली आणि विचारलं, "जेवलात का?" मोटार दुरुस्त करायला आलेल्या माणसाला असं कोणी विचारत नाही. पुढच्या महिन्यापासून मी तिथेच कामाला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत राहिलो.

स्वच्छता मी त्यांच्याकडून शिकलो. फरशी, चादर, नळाची तोटी, सगळीकडे त्यांची नजर असे. रोज सकाळी कामाआधी प्रार्थना होई. मी माळ्याचा, आमच्या देवघरात खंडोबा. पहिल्याच दिवशी मी दारात घुटमळलो, तर सिस्टर म्हणाल्या, "रंगनाथभाऊ, प्रार्थनेला यायलाच पाहिजे असं नाही. वेळेवर मात्र यायलाच पाहिजे." इतक्या वर्षांत त्यांनी मला याहून जास्त धर्म सांगितला नाही.

नंतर त्यांच्या संस्थेने त्यांना मलावी देशातल्या एका खेड्यातल्या रुग्णालयाची प्रमुख म्हणून पाठवलं. तिथला पाण्याचा पंप सारखा बंद पडे. पंप समजणारा माणूस हवा म्हणून त्यांनी मला दोन वर्षांसाठी बोलावून घेतलं. माझी बायको मंदा म्हणाली, "लय लांब हाय, पण सिस्टर हायेत ना, जा." म्हणून गेलो.

ते रुग्णालय कोणाचं, हे मला तिथे दोन वर्षं राहूनही नीट समजलं नाही. इमारती चर्चच्या. नर्सांचा पगार सरकारचा. औषधंही बरीचशी सरकारी गोदामातून येत. रुग्णांत ख्रिस्ती होते तसे मुसलमानही होते, आणि आजोबा-पणजोबांच्या आत्म्यांना मानणारेही. आसपासच्या कितीतरी गावांना दुसरा दवाखानाच नव्हता, म्हणून सरकार आणि चर्च यांनी करार करून तो एकत्र चालवला होता. माझ्या डोक्यात दवाखाने दोनच प्रकारचे, सरकारी नाहीतर खाजगी. मी सिस्टरांना सारखा विचारत असे, "पण मालक कोण?" त्या म्हणत, "तुम्ही पंपाचे मालक आहात ना? मग झालं."

तिथे एक चांगली रीत होती. लांबच्या गावांतल्या गरोदर बाया दिवस भरत आले की रुग्णालयाच्या आवारातल्या एका घरात येऊन राहत. सोबत आई नाहीतर सासू असे. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून त्या मक्याचं घट्ट पीठ शिजवत, कपडे धुवत, मोठ्याने गात आणि वेळ आली की चार पावलांवर बाळंतपणाला जात. बाळंतपण फुकट होतं आणि तेही त्या करारामुळेच.

करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी येणार होते. आणि माझ्या अंगात आपल्याकडची सवय संचारली. आपल्याकडे मोठे साहेब येणार म्हटलं की आपण काय करतो? दगडांना चुना मारतो, सडा घालतो आणि गर्दी हटवतो. सिस्टर पहाटेपासून शस्त्रक्रियेच्या खोलीत अडकल्या होत्या. मी वाटेच्या कडेचे दगड रंगवले. रांगोळी मिळेना म्हणून मक्याच्या पिठाने दारात स्वस्तिक आणि कमळ काढलं. बाया त्या पिठाकडे बघत उभ्या राहिल्या. मग कोंबड्या आल्या आणि त्यांनी कमळ खाल्लं.

त्यानंतर मी ते घर बघितलं. धूर, ओले कपडे, भांडी. साहेबांना हे दिसलं तर करार गेलाच, असं मला वाटलं. मी पहारेकरी बांडाला सांगितलं, "सिस्टरांचा हुकूम आहे, या सगळ्यांना दुपारपर्यंत दुसरीकडे बसव." त्यांचं नाव मी असंच वापरलं, माझं कोण ऐकणार? बांडाने त्यांना गावापलीकडच्या मशिदीच्या आवारात नेलं. वाट लांब होती आणि ऊन चढलं होतं. मी चुली मोडल्या, फरशी धुतली, घर आरशासारखं केलं.

साहेब आले. घराच्या दारात उभे राहिले, आत डोकावले आणि त्यांनी विचारलं, "बाया कुठे आहेत?" मी अभिमानाने रिकामी फरशी दाखवली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बांडाने वाचून मला हळूच सांगितलं, "लिहिलंय, या घराचा कोणालाही उपयोग नाही." ते त्या घरात राहणाऱ्या बायाच मोजायला आले होते!

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. रिकामं घर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"रंगनाथभाऊ, माझ्या बाया कुठे आहेत?"

"मशिदीत. साहेब येणार म्हणून..."

"चालत पाठवल्या?"

सिस्टर पिशवी घेऊन निघाल्या. साठी ओलांडलेल्या त्या बाईंच्या मागे मी, बांडा आणि साहेब अक्षरशः धावत होतो.

मशिदीच्या वयस्कर शेखांनी, म्हणजे तिथल्या मौलवींनी, झाडाखाली चटया टाकून बायांना बसवलं होतं. एकीला चालून चालून कळा सुरू झाल्या होत्या. तिच्याभोवती सासवांनी अंगावर लपेटलेली वरची कापडं सोडून आडोसा धरला होता. शेख पाठ करून उभे होते आणि पाणी आणा म्हणून ओरडत होते. सिस्टर आडोशाच्या आत गेल्या. बाहेर मी खंडोबाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मग बाळ रडलं. मुलगी होती. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या.

हात पुसत सिस्टर बाहेर आल्या. साहेबांचा आवाज चढला होता. "दिवस भरलेल्या बायांना उन्हातून चालवत पाठवलं. हा हुकूम कोणाचा?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी सिस्टर म्हणाल्या, "माझा."

बायांची ती गर्दी साहेबांनी डोळ्यांनी पाहिली, म्हणून ते घर करारात राहिलं आणि बाळंतपणं फुकटच होत राहिली. पण अहवालात सिस्टरांचं नाव लागलं आणि महिन्याभरात त्यांच्या जागी दुसऱ्या तरुण प्रमुख आल्या. सिस्टर साध्या सुईणीच्या कामावर गेल्या. नव्या बाईंना त्या रोज उठून नमस्कार करत. मला ते बघवत नसे.

बाळ जन्मलं त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांच्यासमोर रडलो. म्हणालो, "मी साहेबांना जाऊन सांगतो." त्या म्हणाल्या, "काही गरज नाही. तुम्हाला परत पाठवलं तर पंप कोण बघणार? आणि नाशकात गेल्यावरही हे कुठे बोलायचं नाही." थोड्या वेळाने हसू दाबत म्हणाल्या, "रांगोळी मात्र छान होती म्हणे. कोंबड्यांना विचारलं मी."

त्यांनी हे माझ्यावरच्या मायेने केलं की पंपासाठी, ते मला अजून उलगडलेलं नाही. दोन्ही असेल. त्यांच्या श्रद्धेत असं करायला सांगितलं आहे का, तेही मी विचारलं नाही. एवढं मात्र कळतं की चपला बाहेर काढायला त्यांनी मला शिकवलं ते आत जन्माला येणाऱ्या माणसांसाठी, आणि मी माणसंच बाहेर काढून फरशी जपली.

सिस्टर, आपण अजून तिथेच आहात, अजून बाळंतपणं करता असं कळतं. आपल्याला उदंड आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे शाबूत राहोत, मशिदीतल्या त्या मुलीचं लग्न आपल्या हजेरीत लागो. माझी नात हा लेख आपल्या फोनवर पाठवते आहे. आपली परवानगी आल्याशिवाय छापू नका, असं मी संपादकांना सांगितलं आहे आणि त्यांनी माझ्यासाठी पानं मोकळी ठेवली आहेत. छपाई थांबली आहे, ते रोज विचारतात, आणि माझी झोप उडाली आहे. म्हणून होय की नाही, तेवढं लवकर कळवा.

आणि समारंभाला आलात, आणि तिथे कोणी 'हुकूम कोणाचा' हा प्रश्न पुन्हा विचारलाच, तर हात जोडून सांगतो, या वेळी माझ्याआधी बोलू नका.